मोटारीचा श्वास

गेल्या महिन्यांत विहिरीवरील विजेच्या पंपाविषयीं लिहितांना, मोटारीचा विषय पुढें केव्हां तरी घेऊं असें सहज लिहून गेलों होतों. तो इतक्या लवकर आणि तोहि घरांतूनच अंगावर येईल असें वाटलें नव्हतें. आमचें कुटुंब एकत्र असलें तरी चुली दोन आहेत. एक नांदेडास, दुसरी लातुरास. मोटार मात्र एकच. धाकटे बंधु व मी यांनीं आपापल्या गंगाजळींतून ती आठ वर्षांपूर्वीं घेतली. पेट्रोलवर चालणारी, १२०० घनसेंटिमीटरांच्या इंजिनाची, घरांतील सगळीं माणसें एका खेपेंत मावणार नाहींत अशी, पण कोणाचें आजारपण, कोणाचें मंगलकार्य, कोणाची परीक्षा या सर्वांस तीच धांवते. अशा सामाईक वस्तूवर कोणीं काय करावें व कोणास विचारून करावें, हा प्रश्न मोटारीपुरताच नसतो हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको.

वैशाखांत पुतण्या लातुराहून मोटार घेऊन आला तो एक मोठा पुडा घेऊन. आंत तांबड्या कापडी घड्यांचा शंकूच्या आकाराचा एक फिल्टर, चकचकीत धातूची वांकडी नळी, रबरी जोड व पट्ट्या. घरबसल्या मागविलेला, किंमत बारा हजार रुपये. “काका, कंपनीचा डबा काढून हा बसवला कीं गाडी मोकळा श्वास घेईल. पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेजसुद्धां वाढेल,” असें तो म्हणाला. मीं एकदम “नाहीं” म्हटलें. कारण विचारलें तर माझ्याजवळ कारण नव्हतें; बारा हजार हा आकडा होता, आणि मला न विचारतां मागविलें हा राग होता. पोरगा गप्प बसला, पण जेवतांना त्यानें ताटाकडेच पाहिलें. रात्रीं आमच्या मंडळींनीं मला जें ऐकविलें तें असें : “अहो, शाळेंत मोजून दाखवल्याशिवाय तुम्ही पोरांना कांहीं बोलूं देत नव्हतां. मग घरांत न मोजतां नाहीं कसं म्हणतां?” या प्रश्नास उत्तर नव्हतें. म्हणून मोजावयाचें ठरलें.

मोजण्यापूर्वीं मोटारीचा श्वास म्हणजे काय हें सांगितलें पाहिजे. संध्येच्या वेळीं प्राणायाम करणाऱ्या वाचकांस तें समजावयास कठीण नाहीं. इंजिनाचा दट्ट्या खालीं येतो तेव्हां हवा आंत ओढली जाते, हा पूरक. वर जातो तेव्हां ती कोंडून दाबली जाते, हा कुंभक. मग ठिणगी पडून स्फोट होतो व दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. आणि पुन्हां वर जातांना धूर बाहेर टाकला जातो, हा रेचक. काम काय तें त्या तिसऱ्या फेऱ्यांत होतें, पण तें किती होईल हें पूरकांत किती हवा आंत आली यावर ठरतें. पेट्रोल एक भार जळावयास हवा सुमारें पावणेपंधरा भार लागते. एक लिटर पेट्रोलाचें वजन पाऊण किलोच्या आसपास. तेव्हां हवा झाली सुमारें अकरा किलो, म्हणजे नऊ हजार लिटरांहून अधिक. आमच्या घरापासून लातूरच्या घरापर्यंत, लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें, सुमारें १४० किलोमीटर पडतात. त्यास आठ-साडेआठ लिटर पेट्रोल लागतें असें धरलें तर एका खेपेंत मोटार जवळ जवळ ऐंशी घनमीटर हवा ओढते. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलीच्या दुपटीहून अधिक ही हवा होते. माणूस एवढी हवा आठवड्यांत घेतो, मोटार ती अडीच-तीन तासांत घेते.

आणि ती हवा कसली! तुळजापुराहून लातूर-नांदेडवरून नागपुराकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक ३६१, आतां रुंद झाला आहे हें खरें. पण त्याला येऊन मिळणारे गांवोगांवचे रस्ते तसेच आहेत. उन्हाळ्यांत रानांतली काळी माती पीठ होऊन उडते, खडीच्या यंत्रांजवळून पांढरा धुरळा उठतो, आणि आश्विन-कार्तिकांत सोयाबीनच्या मळणीचा भुसा रस्त्यावर तरंगत असतो. धुळींतील वाळूचे कण गारगोटीचे, म्हणजे पोलादी कानशीसहि दाद न देणारे. असा कण इंजिनांत गेला कीं तेलाशीं कालवून घासण्याची राख होते. भांडी घासावयास ती उपयोगी, दट्ट्याच्या रिंगांस नाहीं. शहाण्या शेतकऱ्यास हें ठाऊक असतें. ट्रॅक्टरच्या बोनेटावर उभ्या नळीच्या डोक्याला जी वाटी असते ती तो रोज ओतून टाकतो. तींत हवा गरगर फिरून जड धूळ बाजूस पडते, आणि उरलेली पुढें तेलाच्या कुंडांत किंवा कागदांत अडकते. १९४७ सालापासून आपल्याकडे जुळूं लागलेल्या जीपगाड्यांसहि असें तेलाचें कुंड असे. आमच्या वडिलांच्या लहानपणीं मराठवाड्यांत सार्वजनिक मोटारी निजामाच्या रेल्वेखात्याच्या. १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं ती वाहतूक सुरू झाली. त्या बसमध्यें बसून आलेला माणूस पांढऱ्या धोतरानें जाई व तांबूस धोतरानें परते असें वडील सांगत. माणसाचें धोतर धुतां येतें. इंजिनाचें तसें नाहीं.

हल्लींच्या मोटारींत घडीच्या कागदाचा फिल्टर एका काळ्या डब्यांत असतो. त्या डब्याचें तोंड कोठें आहे हें पुतण्यास विचारलें तेव्हां त्याला सांगतां आलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि नाहीं. मिस्त्रींनीं बोनेट उघडून दाखविलें : डब्यापासून एक चपटी नळी पुढें जाऊन थेट पुढच्या जाळीमागें उघडते. म्हणजे जी थंड हवा आंत आणण्याच्या जाहिरातीवर नवा पुडा विकला गेला, ती हवा जुना डबा आठ वर्षें आणीतच होता. मध्येंच एक बंद पोकळ डबी नळीस चिकटवलेली असते, तिचा उपयोग काय असें बऱ्याच जणांस वाटतें. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली म्हणजे ती एका ठराविक सुरांत घुमते. त्याच तत्त्वावर ही डबी हवा ओढण्याचा ठराविक घरघराट गिळून टाकते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचें नांव या घुमणाऱ्या पोकळीस आहे.

आतां मोजमाप. फिल्टरानें इंजिनाचें नाक किती दाबलें आहे हें पाहावयाचें तर, फिल्टराच्या पलीकडे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां किती कमी होतो हें पाहिलें पाहिजे. त्यास गवंडी पाणसळीला वापरतात ती पारदर्शक नळी पुरते. एका फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी वांकवून दोहों अंगांस एकेक मीटर उंची राहील अशी बांधली, मध्यें माझी शाळेंतली लांकडी मोजपट्टी ठोकली, नळींत कुंकवाचें पाणी भरलें. इंजिनाच्या पोटांतील वाफ हवेच्या नळींत आणणारी एक बारीक रबरी नळी असते, तेथें टी-जोड घालून आमच्या नळीचें एक टोंक जोडलें व खिडकींतून आंत घेतलें, दुसरें उघडें. नळी आंखूड घेऊं नये, नाहीं तर पाणीच इंजिनांत ओढलें जाईल. दोन रात्रीं वळीव पडून धुरळा बसला होता, तेव्हां भल्या पहाटे मोकळ्या रस्त्यावर आम्ही निघालों. पुतण्या चालवीत होता, मी फळी मांडीवर उभी धरून बसलों होतों. दुसऱ्या गिअरमध्यें पाय पूर्ण दाबून इंजिन मिनिटास साडेपांच हजार फेऱ्यांपर्यंत नेलें कीं दोन पातळ्यांतील अंतर मी मोठ्यानें वाचावयाचें. सत्तरीकडे झुकतांना हातांत असें काम येईल असें वाटलें नव्हतें. मौज वाटली हें कबूल करतों.

डब्यांतील जुना फिल्टर : २६ सेंटिमीटर. नवा कागदी फिल्टर : १९. फिल्टर काढून रिकामा डबा, एकाच खेपेपुरता : १५. तांबडा शंकु : ९. पुतण्याचा चेहरा उजळला, कारण एकोणीसाचे नऊ झाले होते, म्हणजे निम्म्याहून कमी. पण निम्में कशाचें? आपल्यावर असलेला हवेचा दाब पाण्याच्या उंचींत मोजला तर इकडे तो सुमारें हजार सेंटिमीटर भरतो. एकोणीस म्हणजे हजारांत एकोणीस. इंजिनाच्या वाट्याची हवा त्यामुळें शेंकडा दोन टक्के कमी होते. तांबड्या शंकूनें त्यांतली एक टक्का परत मिळते. आणि तीहि पाय पूर्ण दाबला असतांनाच. रोजच्या चालण्यांत पेट्रोलच्या मोटारीचा थ्रॉटलचा पडदा अर्धाअधिक बंद असतो, आणि गळा आपण स्वतःच दाबला असतां नाक मोकळें करून लाभ नाहीं.

दुसरी बाजू उष्णतेची. शंकु बोनेटाखालीं उघडाच बसतो. दुपारीं बाहेर ३८ अंश असतांना लोह्याच्या बाजारांत गर्दींत अडकलों, तेव्हां शंकूपाशीं ठेवलेला तापमापक ६१ अंश दाखवीत होता. जुन्या डब्याच्या तोंडापाशीं ४२. तापली कीं हवा विरळ होते, आणि किती होते हें केवल तापमानांत, म्हणजे दोहोंत २७३ मिळवून काढावयाचें : ३१५ भागिले ३३४. जवळ जवळ सहा टक्के हवा गेली. एक मिळविण्यासाठीं सहा घालविलीं. गाडी मोकळ्या रस्त्यावर धांवूं लागली कीं बोनेटाखालील उष्मा कमी होतो व हें अंतर पुष्कळच घटतें, हेंहि लिहिलें पाहिजे. मापें आपल्या बाजूचीं तेवढींच सांगणें बरें नव्हे. पुतण्या हुशार आहे. तो म्हणाला, “मग काका, शंकूभोंवतीं पत्र्याची पेटी करूं, बोनेटाला रबर लावून ती बंद करूं, आणि पुढच्या जाळीपासून नळी आणूं.” मिस्त्री हंसले. “दादा, मग तोच डबा झाला कीं. कंपनीनं फुकटात दिलाय तो.”

अ‍ॅव्हरेजचें काय, असा प्रश्न राहतो. जुन्या कारब्युरेटरच्या गाडींत फिल्टर तुंबला कीं पेट्रोल जास्त ओढलें जाई, म्हणून फिल्टर स्वच्छ तर पेट्रोल कमी, ही समजूत त्या काळीं खरी होती. हल्लींच्या इंजिनांत आंत आलेली हवा मोजून किंवा तिच्या दाबावरून हिशेब करून संगणक पेट्रोल देतो. हवा कमी तर पेट्रोलहि कमी. अमेरिकेंतील ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं मुद्दाम तुंबविलेले फिल्टर लावून पाहिलें, तेव्हां आधुनिक पेट्रोल मोटारींच्या अ‍ॅव्हरेजमध्यें फरक दिसला नाहीं; वेग घेण्यांत मात्र दिसला. डिझेलच्या टर्बोगाड्यांचें गणित थोडें निराळें, त्यांत हवा दाबून मग गार केली जाते. तो विषय येथें घेत नाहीं.

मग शंकु लावल्यावर गाडी चपळ झाली असें बसणाऱ्यास कां वाटतें? कारण ती घुमणारी डबी निघून गेलेली असते. पाय दाबला कीं घोंघावतें, आणि कान पायास सांगतो कीं जोर वाढला. चाळीस वर्षें वर्गांत उभा राहिलों तरी मलाहि पहिल्या दिवशीं तसेंच वाटलें.

कोणास तरीहि असा फिल्टर घ्यावयाचा असेल तर दोन गोष्टी पाहाव्या. एक, तो धूळ किती अडवितो. हवा किती सोडतो हें पुड्यावर मोठ्या अक्षरांत असतें. धूळ किती अडवितो हें बहुधा नसतें. आयएसओ ५०११ या प्रमाणाप्रमाणें तपासणी झाली आहे काय व आकडा काय, हें विचारावें. समजा, एक फिल्टर ९९ टक्के अडवितो व दुसरा ९७. ऐकावयास दोन टक्क्यांचा फरक, पण इंजिनांत गेलेली धूळ दुसऱ्यांत तिप्पट. दुसरी गोष्ट तेलाची. कापडी फिल्टरास तेल लावावें लागतें; कमी लावलें तर धूळ जाते, अधिक लावलें तर तेल उडून हवा मोजणाऱ्या तापल्या तारेवर बसतें व मोटार अडखळूं लागते.

पाण्याविषयीं थोडें. कांहीं संचांत फिल्टर बंपरमागें अगदीं खालीं नेलेला असतो. आपल्याकडे पाऊस कमी असें म्हणतां म्हणतां २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हांहि पाण्यांत उभ्या राहिलेल्या मोटारी लोकांनीं सुरू करून पाहिल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. पुरुषभर जोरानें वर येणारा दट्ट्या पाण्यावर आपटला कीं त्याचा दांडा वांकतो. अशा वेळीं मोटार सुरू करूं नये, ढकलून न्यावी. आणि कायदा : १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ रचनेंतील फेरफारास आळा घालतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें कलम कडकपणें वाचलें आहे. विम्याची विचारणा करतांना हें आठवावें.

येथवर लिहून लेख संपवावा असा मोह झाला होता, कारण येथवर मी जिंकलों आहे. परंतु पुढें जें झालें तें न लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल.

शंकु काढून जुना डबा परत बसवितांना मिस्त्रींनीं फिल्टराच्या पलीकडच्या, म्हणजे स्वच्छ असावयास हव्या अशा नळींतून बोट फिरविलें व तें आम्हांस दाखविलें. बोट राखाडी झालें होतें. मग त्यांनीं आमचा जुना फिल्टर उचलून विजेच्या दिव्यासमोर धरला. घड्यांच्या तळाशीं बारीक बारीक उजेडाच्या रेषा दिसल्या. “गुरुजी, ह्याला हवा कोणी मारत होतं का?”

मीच मारीत होतों. नवा फिल्टर तीन-चारशे रुपयांस पडतो. तो वांचविण्यासाठीं तीन वर्षें मी तोच फिल्टर दगडावर आपटून, पंक्चरच्या दुकानांत जोराच्या हवेनें फुंकून परत बसवीत आलों. काटकसर म्हणून घरांत सांगितलेंहि होतें. कागदाच्या फिल्टराचें असें आहे कीं थोडी धूळ बसली म्हणजे तो अधिकच बारीक गाळूं लागतो. धुळीचा तो थर स्वतःच गाळणी होतो. वारंवार झाडणें म्हणजे ती गाळणी मोडणें, आणि जोराच्या हवेनें कागद फाटला तर मग फिल्टर असून नसल्यासारखा. वर्षभर मोटार तेल पीत होती, हजार किलोमीटरांस जवळ जवळ अर्धा लिटर. तें मी पुतण्याच्या वेगानें चालविण्यावर घातलें होतें, त्याच्या वडिलांपाशीं बोलूनहि दाखविलें होतें. मिस्त्रींनीं चारहि सिलिंडरांचा दाब तपासला. एकाचा बराच उतरलेला, दुसऱ्याचा थोडा. रिंगा व इतर काम मिळून खर्च चाळीस हजारांच्या घरांत गेला.

गॅरेजबाहेर लिंबाखालीं बांकावर बसून मीं पुतण्यास सांगितलें, “तेलाचं तुझ्यावर घातलं होतं, तें माझं होतं.” तो कांहीं बोलला नाहीं, चहा आणावयास गेला. त्या रात्रीं मीं लातुरास बंधूंस फोन करून तेंच सांगितलें. त्यांनीं “असूं द्या, अण्णा,” म्हटलें, आणि मग पावसाविषयीं बोलत राहिले.

तांबडा शंकु पुतण्यानें लातुरांतील एका मित्रास आठ हजारांस दिला. तो कोठें व कसा बसवावयाचा, पेटी कशी करावयाची, हें सर्व त्यानें त्यास लिहून दिलें. तो कागद मीं पाहिला, आंकडे बरोबर होते. आठ हजारांचें पाकीट त्यानें दुरुस्तीच्या खर्चांत म्हणून देवघरांत ठेवलें. मीं तें परत केलें, त्यानें पुन्हां ठेवलें. शेवटीं मंडळींनीं तें उचलून मिस्त्रींच्या हातीं दिलें व वाद मिटविला.

मोटारीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत फिल्टर किती किलोमीटरांनीं बदलावा हें छापलेलें असतें. धुळीच्या रस्त्यांसाठीं आंकडा निराळा, व तो बहुधा खालीं बारीक अक्षरांत असतो. तो आम्हीं दोघांनीं मिळून शोधला. नवा फिल्टर ज्येष्ठांत बसला. तारीख व किलोमीटर दिनदर्शिकेच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारीं, पुतण्याच्या अक्षरांत लिहिले आहेत. पाणसळीची नळी शेजारचा गवंडी मागून घेऊन गेला आहे. कुंकवाचा रंग अजून गेलेला नाहीं असें तो म्हणतो.